वार

सोलापुरात वार कापडाचा असतो,
आठवड्याचाही.
मला दुसरा मोजायला आठ वर्षं लागली.

सिव्हिलच्या रजिस्टरात रकाने होते:
नाव, वय, पेठ, तक्रार, गोळ्या.
वाराला रकाना नव्हता.
"छाती आवळल्यागत होतंय ओ, बाई," म्हणत
सूतगिरणीची माणसं यायची,
पापण्यांवर कापूस तसाच,
आणि मी तीच पांढरी गोळी लिहायची.

मग एका मे महिन्यात,
पंखा नुसताच गरम हवा ढकलत असताना
जुनी कॅलेंडरं घेऊन बसले.
एकेका तारखेसमोर पेन्सिलीनं वार मांडत गेले.
सोम. सोम. सोम. मंगळ. सोम.
पानभर सोमवार,
जशी सिद्धेश्वराच्या दारातली रांग.

विभागप्रमुख हसले:
"सोमवारी कामाचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, हत्तुरे."
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ते वीज मंडळानं दिलं.
त्या वर्षी गिरणीची सुट्टी
रविवारवरून शुक्रवारी नेली,
आणि छात्या
निमूटपणे, कुणी न सांगता,
शनिवारी आवळू लागल्या.

मग गेटबाहेर स्टूल टाकून बसले,
हातात प्लास्टिकची नळी.
आत जाताना फुंका, बाहेर येताना फुंका.
"बाई दारू तपासतेत रे!" पोरं ओरडायची.
अनुक्रमांक सत्तेचाळीस, अंबादास बिटला,
ब्लो-रूम, वय एकोणचाळीस.
सकाळी चारशे दहा,
संध्याकाळी तीनशे वीस.
काट्याकडे बघत म्हणाला,
"नव्वद कुठं गेले मग?"

निबंध छापून आला.
परीक्षकानं विचारलं होतं, नमुना लहान नाही का?
गिरणीनं धूळ ओढणारा पंखा बसवला,
ऑफिसच्या खिडकीत.

वर्गात मी फळ्यावर आडवी रेघ ओढते.
वर अंश, खाली छेद.
अंश आपल्या पायांनी दवाखान्यात येतो,
बाकावर बसतो, केसपेपर काढतो.
छेद घरी असतो,
रातपाळीला असतो,
भिवंडीला निघून गेलेला असतो.
"खालच्याला शोधायला आपण जायचं."
मागच्या बाकावर डबा उघडतो,
शेंगाचटणीचा वास पुढपर्यंत येतो.
मी रागावत नाही.
मला तरी ही रेघ कुठे वर्गात कळली?

ते पान मी दरवर्षी दाखवते.
सत्तेचाळीस.
तिसऱ्या भेटीनंतर तो आला नाही,
आणि समोर माझ्या अक्षरात, निळ्या शाईत:
"सुधारणा".

विडी घरकुलात, दोन खोल्यांचं घर.
नरसम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली,
मान खाली, पान कापणं चालू,
ओठांत तेलुगू आकडे.
हजार भरल्याशिवाय ती वर बघणार नव्हती.
"गेले की. दिवाळीच्या आधी."
"कुठल्या वारी?"
तोंडातून निघून गेलं.
जीभ चावून काय होणार होतं?
कात्री थांबली.
"बुधवारी," ती म्हणाली.
बुधवारचा माझ्याकडे काहीच अर्थ नव्हता.
मग तीच म्हणाली,
"लिवा की. तुमच्या वहीत हायत नव्हं अजून?"

"सुधारणा"वर मी एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
पोरं विचारतात, मॅडम, नवं पान का नाही घेतलं?

कधी सांगते, कधी पुढच्या धड्याकडे वळते.
काल फळा पुसताना खडूची धूळ उडाली,
मला ठसका लागला, थांबेना.
मागून कुणीतरी हळूच:
"मॅडम, काल सुट्टी होती का?"
हसावं की गुण द्यावेत?
आधी पाणी प्यायले.